ताणतणाव आणि व्यसनाधीनता

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



एखादी संस्था स्थापन करणे तुलनेने सोपे असते. ती पन्नास वर्षे निष्ठेने चालवणे कठीण असते. ज्या ज्येष्ठांनी हे काम केले, त्यांना प्रथम विनम्र अभिवादन करतो. या मंगल प्रसंगी बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक आभारी आहे.

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका ज्येष्ठ श्रावकांनी मला विचारले, "डॉक्टरसाहेब, आपल्या समाजासमोर हा विषय कशासाठी?" त्यांचा प्रश्न स्वाभाविक होता. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग ही श्रावकाच्या आचाराची पहिली पायरी मानली जाते. निर्व्यसनीपणा हा आपल्या समाजाचा लौकिक आहे आणि तो आपण जपलाच पाहिजे. परंतु ज्या समाजात व्यसन निषिद्ध मानले जाते, त्या समाजात ते अजिबात नसते असे नाही. ते दाराआड असते. माझ्याकडे उपचारासाठी येणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात. आपल्या समाजातील कुटुंबेही येतात; फक्त बहुधा उशिरा येतात, आणि आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "हे कुणाला कळणार तर नाही ना?" या उशिरामागचे कारण आणि त्यावरचा उपाय, हाच आज मला आपल्यासमोर मांडायचा आहे.

'व्यसन' या शब्दाचा अर्थ

संस्कृत भाषेत 'व्यसन' या शब्दाचा एक जुना अर्थ संकट किंवा आपत्ती असा आहे. आपल्या आचार्यांनी सप्तव्यसनांची गणना केली, तेव्हा त्यात मद्याबरोबर जुगारालाही स्थान दिले. जुगारात कोणताही पदार्थ पोटात जात नाही. तरीही माणसाची जी अवस्था मद्य करते तीच जुगार करतो, हे त्यांनी ओळखले होते. आधुनिक मानसोपचारशास्त्राला या निष्कर्षाप्रत येण्यास बराच काळ लागला. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत प्रथमच जुगाराच्या विकाराला मद्य व अमली पदार्थांच्या विकारांबरोबर एकाच प्रकरणात घातले. मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादाने आपल्या देशात किती घरे पोखरली, हे आपण पाहिले आहे. २०२५ साली संसदेला अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा करावा लागला.

म्हणजे माणूस संकटातून सुटण्यासाठी जी वस्तू जवळ करतो, तीच पुढे त्याचे संकट होऊन बसते. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू.

ताण म्हणजे काय?

ताणाच्या शास्त्रीय अभ्यासात दोन नावे अग्रगण्य आहेत. पहिले अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन. धोका समोर दिसताच प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी कसे सज्ज होते, हे त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवून दिले. दुसरे हान्स सेल्ये. त्यांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या लेखात मांडले की, शरीरावर कोणताही आघात दीर्घकाळ होत राहिला तर त्याची प्रतिक्रिया तीन अवस्थांतून जाते: प्रथम धोक्याची जाणीव, मग प्रतिकार आणि शेवटी थकून गळून जाणे.

धोका जाणवताच ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक येते आणि शरीराला इंधन पुरवत राहते. ही व्यवस्था निसर्गाने आपल्या रक्षणासाठीच दिलेली आहे. समोर वाघ आला तर ती उपयोगी पडते. वाघ गेला की शरीर पूर्ववत होते. परंतु थकलेली उधारी, बँकेचा हप्ता, भावाभावांतील वाटणीचा वाद, मुलीचे लांबलेले लग्न, मुलाचा स्पर्धा परीक्षेतील तिसरा प्रयत्न, हे वाघ निघून जात नाहीत. ते रात्री अंथरुणातही सोबत असतात. परिणामी जी यंत्रणा काही मिनिटांसाठी होती, ती महिनोन् महिने चालू राहते. झोप उडते, पचन बिघडते, स्वभाव चिडचिडा होतो. विशेष म्हणजे कपाळामागील मेंदूचा जो भाग आपल्याला थांबवतो, पुढचा विचार करायला लावतो, त्याचेच काम ताणाखाली मंदावते. ताणाच्या क्षणी संयम दुबळा का होतो, याचे एक शारीरिक कारण हे आहे.

सुटकेचा आभास

अशा थकलेल्या मनाला कुणीतरी सांगते, "थोडी घेऊन बघ, डोके शांत होईल." आणि खरोखर शांत होते! हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, अन्यथा तरुण पिढी आपल्या उपदेशावर विश्वास ठेवणार नाही. मद्य मेंदूतील शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा प्रभाव घटवते. काही काळ काळजी दूर गेल्यासारखी वाटते.

याखेरीज मेंदूत सुखाची, अधिक अचूक बोलायचे तर हवेसे वाटण्याची, एक यंत्रणा आहे. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूतील विशिष्ट जागी विजेची सूक्ष्म तार बसवली आणि कळ दाबण्याची सोय त्यांच्याकडेच ठेवली. उंदीर पुन्हा पुन्हा ती कळ दाबत राहिले. या यंत्रणेत डोपामिन नावाचे रसायन महत्त्वाचे काम करते, हे पुढे स्पष्ट झाले. तंबाखू, मद्य, गर्द, जुगार या सर्वांची वाट शेवटी याच जागी पोहोचते.

परंतु मेंदू तोल राखणारा अवयव आहे. बाहेरून रोज शांतता मिळू लागली की तो स्वतःची शांत करणारी शक्ती कमी करतो आणि उत्तेजना वाढवून ठेवतो. मग पूर्वी एका प्याल्यात जे होत असे त्यासाठी तीन लागतात. आणि प्याला नसेल तेव्हा हात थरथरतात, घाम फुटतो, विनाकारण भीती वाटते. म्हणजे ज्या काळजीवर औषध म्हणून मद्य घेतले, ती काळजी आता मद्यच निर्माण करू लागते. झोपेचेही तसेच. मद्याने झोप लवकर लागते, परंतु रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते. माणूस सकाळी अधिक थकलेला उठतो आणि संध्याकाळी पुन्हा त्याच आधाराकडे वळतो.

तंबाखूचे उदाहरण याहून बोलके आहे. सिगारेट ओढणारा म्हणतो, "याने टेन्शन कमी होते." धुरातील निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. प्रमाण उतरू लागले की बेचैनी सुरू होते. पुढची सिगारेट ही बेचैनी शमवते. परंतु ही बेचैनी मागच्या सिगारेटनेच दिलेली असते. पायात काटा रुतवून घ्यायचा आणि तो काढल्याचे समाधान मानायचे, असा हा प्रकार आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता, नैराश्य आणि ताण हे धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात आढळले. जी वस्तू ताण घालवते असे वाटत होते, ती सोडल्यावरच ताण उतरला!

येल विद्यापीठातील डॉ. रजिता सिन्हा यांनी या चक्राचा दुसरा भाग दाखवला. व्यसनाच्या उपचारासाठी आलेल्या व्यक्तींना त्यांच्याच आयुष्यातील तणावाच्या प्रसंगाचे वर्णन ऐकवले, तेव्हा त्यांची व्यसनाची ओढ स्पष्टपणे वाढली. व्यसन सोडून काही महिने झालेला माणूस घरातील एका भांडणानंतर पुन्हा का घसरतो, याचे उत्तर येथे मिळते. त्याचा निर्धार खोटा नसतो. ताण आणि व्यसन यांची गाठ मेंदूत पक्की बसलेली असते.

परिस्थितीचा वाटा

याचा अर्थ ताण आलेला प्रत्येक जण व्यसनी होतो, असा मुळीच नाही. आनुवंशिकता, संगत, वस्तूची उपलब्धता आणि वय या सर्वांचा त्यात वाटा असतो. परंतु परिस्थितीचे महत्त्व किती आहे, हे एका प्रसिद्ध अभ्यासावरून कळते. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे सेवन फार वाढले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स या विदुषीने केला. सुमारे निम्म्या सैनिकांनी तेथे अफूजन्य पदार्थ घेऊन पाहिले होते आणि सुमारे २० टक्के त्यांच्या आहारी गेले होते. मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात मात्र या आहारी गेलेल्यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा त्या अवस्थेला गेले. मृत्यूचे भय, एकाकीपणा आणि सहज मिळणारे हेरॉइन हे सर्व मागे राहिले होते. समोर घर आणि आपली माणसे होती.

आपल्याकडील व्यसनी माणसाची अडचण येथेच आहे. त्याचे युद्ध संपत नाही. उपचार घेऊन तो त्याच घरात, त्याच दुकानात, त्याच टोमण्यांत परत येतो. म्हणून केवळ त्याला बदलून भागत नाही, त्याच्या भोवतालालाही थोडे बदलावे लागते.

दुसरा अभ्यास बालपणाविषयीचा आहे. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मारहाण, अवहेलना, घरातील हिंसा, आईवडिलांचे व्यसन अशा प्रतिकूल अनुभवांची नोंद घेतली गेली. ज्यांच्या वाट्याला असे चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव आले होते, त्यांच्यात मद्यासक्ती, अमली पदार्थांचे सेवन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी अधिक आढळला. मुलांवर संस्कार करतो असे आपण म्हणतो. पाठशाळेत पाठवणे हा जसा संस्कार आहे, तसेच घरात मुलाला निर्भयपणे बोलता येणे हाही संस्कारच आहे.

आपल्या भोवतालचे चित्र

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाखांना मद्यामुळे उद्भवलेल्या समस्यांसाठी साहाय्याची गरज आहे. तंबाखूविषयीच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात देशातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत असल्याचे दिसले. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा तंबाखू खाण्याचे प्रमाण कितीतरी अधिक आहे. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी मावा आणि मळलेली तंबाखू चालूच आहे. आणि मशेरी! दात घासण्याच्या निमित्ताने कितीतरी माताभगिनी ती दिवसातून चार-पाच वेळा लावतात. "लावली नाही तर डोके चढते, कामात लक्ष लागत नाही," असे त्या सांगतात. हे व्यसनच आहे, फक्त त्याला व्यसन म्हणण्याची आपली प्रथा नाही. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली झोपेची गोळी पाच वर्षे चालू राहते, तेही त्याच मार्गाने.

मद्य न पिणारा माणूसही या चक्रात असा अडकू शकतो, हे आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावे.

आर्तध्यान आणि आपली परंपरा

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिले आर्तध्यान आहे. नको असलेल्या गोष्टीचा संयोग झाला की ती केव्हा जाईल याचे चिंतन, हव्या असलेल्या गोष्टीचा वियोग झाला की ती केव्हा मिळेल याचे चिंतन, वेदनेचे चिंतन, आणि भविष्यातील भोगांची लालसा, ज्याला निदान म्हटले आहे. आजच्या तणावग्रस्त माणसाच्या मनात रात्री दोन वाजता जे चाललेले असते, त्याचे याहून नेमके वर्गीकरण करणे कठीण आहे. मन एकाच गोष्टीभोवती फिरत राहते, म्हणून तेही ध्यानच. परंतु ते जाळणारे ध्यान आहे.

या मनाला दुसरीकडे वळवण्याचे साधनही परंपरेने दिले आहे. सामायिकाची दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची बैठक, दिवसभराच्या वर्तनाकडे शांतपणे पाहण्याचे प्रतिक्रमण, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, नियमित दिनचर्या, या सर्वांचा मनःस्वास्थ्याला आधार होतो. मात्र वैद्यक व्यवसायातील माणूस म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. व्यसन जडलेल्या माणसाला केवळ नियम देऊन, शपथ घालून सोडून देऊ नका. अनेक वर्षे रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केले, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. म्हणून असे मद्य वैद्यकीय देखरेखीखालीच बंद करावे. अनेक महिने नियमितपणे घेतलेल्या झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. त्यानंतर मनाचा निग्रह टिकवण्यास सामायिक आणि स्वाध्याय निश्चितच साहाय्यकारी होतील.

कुटुंबाने आणि समाजाने काय करावे?

सुरुवातीला उशिराने येणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख केला. त्यांना उशीर का होतो? अज्ञान हे त्याचे कारण नसते; कारण असते लज्जा. मुलाचे व्यसन आई वडिलांपासून लपवते, वडील आजोबांपासून लपवतात आणि सारे घर मिळून ते समाजापासून लपवते. मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, पेढीची पत जाईल, मंदिरात लोक काय म्हणतील, ही भीती खोटी नाही. परंतु लपवण्याचाही एक ताण असतो आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा त्या व्यसनी माणसावरच पडतो. आपल्यामुळे घराची मान खाली गेली, ही जाणीव त्याला दिवसभर टोचते आणि ती विसरण्याचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो. आपल्या निर्व्यसनीपणाचा लौकिक जपण्यासाठी आपण जे मौन पाळतो, ते अशा प्रकारे व्यसनालाच खतपाणी घालते.

म्हणून कुटुंबीयांना माझी विनंती आहे. माणूस नशेत असताना वाद घालू नका. सकाळी शुद्धीवर असताना शांतपणे बोला. "तू असा आहेस" असे न म्हणता "तुझे असे झाले की आम्हाला अशी भीती वाटते" असे बोला. मात्र प्रेमापोटी त्याची देणी परस्पर भागवू नका, त्याच्यासाठी खोटी कारणेही सांगू नका. मारहाण होत असेल तर ती सहन करू नका. पत्नीची आणि मुलांची सुरक्षितता प्रथम. आणि तो घसरला तर सर्व संपले असे मानू नका. मधुमेहात साखर वाढली तर आपण उपचार बदलतो, रुग्णाचा त्याग करत नाही.

उपचाराची सोय आपल्या राज्यात आहे. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानले गेले आणि त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामावून घेतले गेले. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मैत्रीसंघाच्या सभा महाराष्ट्रात अनेक गावी भरतात. तेथे शुल्क नसते आणि नाव गुप्त राहते. भूक, राग, एकाकीपणा आणि थकवा, या चार अवस्थांत पाय घसरतो, अशी शिकवण त्यांच्यात प्रचलित आहे. ती प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. मनःस्वास्थ्यासाठी २०२२ साली सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर, व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय सेवा १४४४६ वर आणि तंबाखू सोडण्यासाठीची सेवा १८००-११-२३५६ वर निःशुल्क मिळते.

शेवटी ट्रस्टच्या विश्वस्तांसमोर एक प्रस्ताव नम्रपणे ठेवतो. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून आपण अनेक उपक्रम योजले आहेत. त्यांत एक छोटी भर घालावी. या सभागृहाशेजारील एक खोली आठवड्यातून एका सायंकाळी व्यसनमुक्तीच्या सभेसाठी आणि मनावरचा ताण बोलून दाखवू इच्छिणाऱ्यांसाठी खुली ठेवावी. तेथे नोंदवही नको, नावाचा फलक नको. एक प्रशिक्षित समुपदेशक आणि ऐकून घेणारी दोन प्रौढ, विवेकी माणसे एवढे पुरेसे आहे. जो येईल त्याच्याविषयी बाहेर एक शब्दही बोलणार नाही, एवढा नियम आपण सर्वांनी घ्यावा. अहिंसेत वाणीचीही अहिंसा येते. त्या खोलीत वर्षाकाठी एक जरी तरुण वेळेवर आला, तरी एक घर वाचेल. पूर्वजांनी मिळवलेला निर्व्यसनीपणाचा लौकिक पुढील पन्नास वर्षे टिकवायचा असेल, तर पडलेल्याला हात देण्याची जागा आपल्याच अंगणात असली पाहिजे.